बदकाची बाजू

दुःखाच्या काळात शहराच्या मध्यावर साडेसोळा मीटर उंचीचे पिवळे बदक तरंगत ठेवणे हा शुद्ध पोरखेळ आहे, असे मानणारे लोक जगात पुष्कळ आहेत आणि ते मूर्ख नाहीत. हे आधीच सांगितलेले बरे. मूर्खांशी वाद घालून हाती काही लागत नाही. या मंडळींशी घातला तर निदान आपलीच बाजू तपासून निघते. त्यांचे म्हणणे असे : माणसे मेली आहेत, कामे गेली आहेत, सरकार उत्तर देत नाही, आणि अशा वेळी कुणी कलावंत येऊन फुगवलेले खेळणे पाण्यात सोडतो. लोक त्याच्यासमोर दात काढून फोटो घेतात. ज्यांना जाब विचारायला हवा ते सुखाने झोपतात. कलेने जखम उघडी ठेवावी, तिच्यावर फुगा बांधू नये. थोडक्यात, हे खेळणे म्हणजे अफूची गोळी, फक्त आकाराने जरा मोठी.

या म्हणण्याला बळ देणारा सगळ्यात भक्कम दाखला मीच देतो.

16 एप्रिल 2014 ला दक्षिण कोरियाच्या किनाऱ्याजवळ सेवोल नावाचे प्रवासी जहाज बुडाले. 304 माणसे गेली. त्यांत 250 मुले एकाच शाळेची होती, सहलीला निघालेली. जागेवरून हलू नका, असे त्यांना सांगितले गेले. ती आज्ञाधारकपणे केबिनमध्ये बसून राहिली आणि कप्तान मात्र बाहेर पडला. सगळा देश सुन्न झाला. सहा महिने पुरे व्हायच्या आत, ऑक्टोबरमध्ये, सोलच्या सोकचोन तलावात फ्लोरेन्टाइन हॉफमन या डच कलावंताचे अवाढव्य बदक उतरले. तलावाच्या काठावर लोट्टे समूहाचा गगनचुंबी मनोरा उभा राहत होता, त्याला जोडलेला मॉल नेमका त्याच दिवसांत उघडला आणि बदकाचे यजमानपदही याच समूहाकडे होते. त्या भागात रस्त्याला भगदाड पडले होते, तलावाची पातळी उतरत होती, मनोऱ्याच्या खोदकामाकडे लोक संशयाने पाहत होते. (रस्त्याच्या भगदाडाचे कारण नंतर मेट्रोच्या बोगद्यात सापडले, पण तेव्हा भीती खरी होती.) मुले पाण्यात बुडाली आणि सहा महिन्यांत पाण्यावर खेळणे, तेही मॉलच्या दारात! यापेक्षा वाईट मुहूर्त पंचांग उलटेपालटे करूनही निघाला नसता.

तरी लोक लोटले. महिनाभर लाखोंनी आले. पहिल्याच दिवशी हवा कमी होऊन बदकाची मान झुकली, तर त्या मान टाकलेल्या बदकावरही लोकांनी जीव लावला.

आक्षेप घेणारे इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, विसरले की नाही? मी म्हणतो, जरा पुढे बघा. दोन वर्षांनी, 2016-17 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात, याच सोलमध्ये दर शनिवारी लाखो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरत होते. छातीवर सेवोलची पिवळी फीत होती. जहाज बुडत होते त्या तासांत राष्ट्राध्यक्ष कुठे होत्या, हा प्रश्न त्या गर्दीने एकदाही खाली पडू दिला नाही. त्याच गर्दीच्या डोक्यावरून एक भलामोठा निळा देवमासा तरंगत जायचा, सेवोलच्या मुलांची आठवण पाठीवर घेऊन. तोही फुगाच होता. 10 मार्च 2017 ला घटनात्मक न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे यांना पदावरून दूर केले. बदकामुळे हे घडले, असा दावा करायला मी काही बदकाचा वकील नाही. बदकामुळे हे अडले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. तलावाकाठी हसलेला माणूस चौकात ओरडू शकतो. ही दोन माणसे वेगळी असतात असे समजणे, हीच अफूच्या सिद्धांताची पहिली चूक.

दुसरी चूक जास्त खोल आहे. माणसाला धीर कसा येतो, याची या मंडळींची कल्पनाच कच्ची आहे. त्यांच्या हिशेबी दुःख म्हणजे एक ठरावीक साठा; हसलात की तेवढा कमी झाला, आणि दुःख कमी झाले की राग कमी झाला. डोनाल्ड विनिकॉट हा इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने गावोगावी हलवलेल्या मुलांबरोबर काम करत होता. आईबापांपासून तुटलेली, वसतिगृहांत ठेवलेली मुले. पुढे 1950 च्या सुमारास त्याने जी मांडणी केली ती आज बहुतेक आईबापांना नाव न कळता ठाऊक असते : मूल एखादी मळकी चिंधी, गोधडीचे टोक, कापडी अस्वल कवटाळून ठेवते, धुवायलाही देत नाही. विनिकॉटने पाहिले की मूल हे आईला विसरण्यासाठी करत नाही. आई खोलीत नाही आणि आपण व आई एक नाही, हे कळू लागते तेव्हाच मुलाला ती चिंधी लागते. चिंधी हातात असली की ते सत्य सोसता येते. आणि मोठ्यांनी एक शिष्टाचार पाळायचा असतो : हे तू खरे मानतोस की खोटे, असे मुलाला विचारायचे नाही. विनिकॉट याच्याही पुढे गेला. मोठेपणी ही जागा बुजत नाही, ती पसरते. कला, धर्म, सगळी संस्कृती याच मधल्या जागेत उभी राहते, असे त्याचे म्हणणे होते.

सोलच्या तलावाकाठी उभे असलेले बाप आणि आया आपली लेकरे कडेवर घेऊन बदक दाखवत होते. बुडालेल्या मुलांच्या वयाची मुलेही आली असतील. त्यांतल्या कुणाच्या मनात काय होते ते मी सांगणार नाही, आणि आक्षेपकांनीही सांगू नये. पण तिथे विस्मरणच चालू होते, हे ठरवायला लागणारा पुरावा फोटोतल्या दातांवरून मिळत नाही. आपल्याकडे तेराव्याला गोडाचे जेवण असते. त्या पंगतीत कुणीतरी गेलेल्या माणसाची एखादी फजिती सांगतो आणि घर हसते. त्या हसण्याने मयताचा अपमान झाला असे कोणता शहाणा म्हणेल?

आता आकाराकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे आणि खरा गोंधळही.

मोठा आकार म्हणजे दरारा, असे आपण गृहीत धरलेले आहे. आपल्या चौकांनी आपल्याला तेच शिकवले. चौथरा उंच, त्यावर घोडा, त्यावर पुरुष, त्याचा हात दूर कुठेतरी दाखवणारा; खाली आपण, मान वर करून. केवडियाचा 182 मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा ही त्याच भाषेची सर्वोच्च उंची. या भाषेला तिचे स्थान आहे, मी ते नाकारत नाही. पण ती माणसाला एकच गोष्ट सांगते : तू लहान आहेस, आणि मोठे कोण ते लक्षात ठेव. संकटात सापडलेल्या माणसाला आपण लहान आहोत हे वेगळे सांगावे लागत नाही. बँकेने, इस्पितळाने, तहसील कचेरीने ते सकाळीच सांगून झालेले असते.

बदकही तुम्हाला लहान करते, पण कशासमोर? न्हाणीघरातल्या खेळण्यासमोर. कोनराड लोरेन्झ या प्राणीवर्तनाच्या अभ्यासकाने 1943 मध्ये लिहून ठेवले आहे की मोठे डोके, फुगीर गाल, गोल कपाळ, आखूड हातपाय दिसले की माणसाच्या आत जपण्याची ओढ जागी होते. पिल्लांचे रूपच तसे असते. हॉफमनच्या बदकात त्यातले बरेचसे आहे. म्हणजे एकाच वेळी दोन उलट गोष्टी घडतात. ज्याला उचलून घ्यावेसे वाटते तेच आपल्यापेक्षा दहापट मोठे असते. आपण त्याला सांभाळावे की त्याने आपल्याला, हे ठरत नाही. हॉफमन म्हणतो की जगातले सगळे पाणी मिळून आपल्या सगळ्यांचा एक टब आहे. वाक्य जरा जाहिरातछाप आहे, पण त्यामागचे गणित बरोबर आहे : खेळणे तेवढे मोठे केले की बंदर टब होते, क्रेन आणि मालवाहू जहाजे खेळणी होतात आणि बंदरावरचे आपण सगळे एका वयाचे होतो. मुख्य कार्यकारी अधिकारीसुद्धा. दरारा माणसांना उतरंडीत लावतो, हे खेळणे ती उतरंड तासाभरासाठी मोडते. कठीण काळात ज्याची मान सतत खाली आहे त्याला वर बघायला लावायचे आणि तरी त्याच्यावर हुकूम सोडायचा नाही, ही साधी करामत नव्हे.

आणि बदक फुटू शकते. हॉफमनच्या बदकाला नावाला रबरी म्हणतात. प्रत्यक्षात ते पीव्हीसीचे कापड आणि आत पंख्याची हवा. मे 2013 मध्ये हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया बंदरात ते अचानक चपटे होऊन पाण्यावर पसरले, तर लोकांनी त्यावर विनोद केले आणि ते पुन्हा उभे राहण्याची वाट पाहिली. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला तैवानमधल्या कीलुंग बंदरात 18 मीटरचे बदक बघ्यांच्या डोळ्यांदेखत फुटले. गरुडाने नख मारले असेल, अशीही चर्चा झाली. लोक हळहळले, हसले, घरी गेले. कुणाची अब्रू गेली नाही.

आपल्याकडे मालवणच्या राजकोट किल्ल्यावर काय झाले ते आठवा. 4 डिसेंबर 2023 ला अनावरण झालेला शिवरायांचा 35 फुटी पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला आणि सारा महाराष्ट्र कळवळला. कळवळणे योग्यच होते. ज्या माणसाचा तो पुतळा होता त्याचे आपल्या मनातले स्थानच तसे आहे, आणि काम करणाऱ्यांनी ते ओळखले नाही. मला दाखवायचे आहे ते इतकेच, की दराऱ्याच्या शिल्पाला पडायची मुभा नसते. ते पडले की आपलेच काहीतरी पडते. ज्या काळात आधीच बरेच काही पडलेले असते, त्या काळात शहरात निदान एक वस्तू अशी असावी की जी पडली तर पुन्हा फुगवता येईल. ते गांभीर्य कमी असल्याचे लक्षण आहे का? मला तर त्यात मोठे शहाणपण दिसते.

असो. अफूच्या आरोपावर अजून माझे समाधान झालेले नाही, कारण त्या आरोपाला सगळ्यात चोख उत्तर कलासमीक्षकांनी दिलेले नाही, ते पोलिसांनी दिले आहे.

हॉफमन आपल्या बदकाला राजकारण नाही, सीमा नाहीत, असे आवर्जून सांगतो. हे ऐकून गंभीर मंडळी मान डोलावतात : म्हणूनच ते सत्तेला सोयीचे. मग 2013 च्या जूनमध्ये काय झाले? बदक हाँगकाँगच्या बंदरात होतेच. तिआनानमेनच्या हत्याकांडाचा स्मृतिदिन 4 जून. रणगाड्यांच्या रांगेसमोर एकटा उभा राहिलेला तो माणूस जगाला ठाऊक आहे. कुणीतरी त्या छायाचित्रातल्या रणगाड्यांच्या जागी पिवळी बदके चिकटवली. चीनमध्ये वेइबो या समाजमाध्यमावर ‘मोठे पिवळे बदक’ हे शब्द शोधणे त्या दिवशी बंद करण्यात आले. एवढी मोठी राजवट, आणि तिला न्हाणीघरातल्या खेळण्याचा धसका! त्याच संध्याकाळी हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये पावसात हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले होते. बदकाने त्यांना घरी झोपवून ठेवले नव्हते.

बँकॉकची गोष्ट याहून बोलकी आहे. 17 नोव्हेंबर 2020 ला संसदेबाहेर निदर्शकांवर रसायन मिसळलेल्या पाण्याचे फवारे सोडले गेले. निदर्शकांनी बरोबर आणलेली फुगवलेली पिवळी बदके ढाली म्हणून पुढे धरली. तेव्हापासून बदक हे त्या चळवळीचे निशाण झाले. पुढे बदकांची चित्रे असलेल्या दिनदर्शिका विकल्याबद्दल एका माणसाला 2023 मध्ये राजाच्या अवमानाखाली शिक्षा झाली, तीन वर्षांची, ती दोनवर आणली गेली. ज्या वस्तूने जनता गुंगीत जाते असे तुम्ही म्हणता, तिच्या चित्रासाठी सरकार माणसाला तुरुंगात का पाठवते? अफूची दुकाने सरकार बंद करत नाही, ठेके देते.

आता बिल्बाओ. हॉफमनच्या बदकाची बाजू घेणे त्यातल्या त्यात सोपे. जेफ कून्स या शिल्पकाराची घेणे अवघड, कारण तो माणूस बाजारातून आला आहे, तिथेच रमला आहे आणि ते लपवतही नाही. त्याचा ‘पपी’ हा फुलांनी मढवलेला कुत्रा, वेस्ट हायलँड टेरिअरचे पिल्लू, बारा मीटरहून उंच, प्रथम 1992 मध्ये जर्मनीतल्या आरोल्सनला उभा राहिला आणि 1997 पासून स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयासमोर बसला आहे. पोलादी सांगाडा, आत पाणी फिरवणाऱ्या नळ्या, वर सुमारे 38,000 रोपे. वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये, सगळी बदलतात. गोड, गुबगुबीत, निरुपद्रवी. गंभीर माणसाला संताप आणायला याहून जास्त काही लागत नाही.

पण ते शहर तेव्हा कोणत्या अवस्थेत होते? जहाजबांधणीचे कारखाने बंद पडले होते, पोलादाचा धंदा मोडला होता, 1983 च्या पुराने जुने शहर धुऊन काढले होते, नदी काळी होती आणि बास्क प्रदेशात एटा या सशस्त्र संघटनेच्या गोळ्या चालू होत्या. संग्रहालयाच्या उद्‌घाटनाला राजा येणार होता. त्याच्या काही दिवस आधी, 13 ऑक्टोबर 1997 ला, एटाचे लोक माळ्यांच्या वेशात गाडी घेऊन आले. ‘पपी’साठी आणलेल्या कुंड्या आहेत असा बहाणा, कुंड्यांत हातबॉम्ब. गाडीच्या क्रमांकाचा संशय आलेल्या चेमा आगिरे या पोलिसाने हटकले आणि त्याला गोळ्या घातल्या. तो वाचला नाही. ‘पपी’ ज्या चौकात बसला आहे त्या चौकाला आज आगिरेचे नाव आहे.

आता सांगा, ते कुत्रे निरुपद्रवी आहे की त्या चौकातली सगळ्यात जड वस्तू आहे? कून्सच्या डोक्यात यातले काहीच नव्हते. त्याला पाहणाऱ्याला विश्वास आणि सुरक्षितता वाटेल असे काहीतरी करायचे होते. पुढचे शहराने केले. फुलांच्या कुंडीत बॉम्ब सापडला त्या शहराने ती फुले उपटून टाकली नाहीत. दर सहा महिन्यांनी नवी लावली. वास्तुविशारद गेहरीच्या त्या संग्रहालयाच्या जगप्रसिद्ध इमारतीला बिल्बाओचे लोक गमतीने पपीचे घर म्हणतात. 2020 मध्ये साथ आली तेव्हा ‘पपी’च्या तोंडावर पांढऱ्यानिळ्या फुलांची मुखपट्टी चढली. आगिरेच्या नावाचा काळा संगमरवरी स्तंभ उभारला असता तर वर्षातून एकदा हार घालून लोक निघून गेले असते, अशी मला शंका आहे. निव्वळ शंका. पण त्या चौकात रोज पोरे खेळतात आणि चौकाचे नाव रोज घेतले जाते, ही शंका नाही.

पोरकटपणाचा आरोप राहिला. कलावंत बालिश, पाहणारे बालिश. यावर निकी द सेंट फाल या शिल्पकर्तीची साक्ष काढतो. 1953 मध्ये ती नीस इथल्या मनोरुग्णालयात होती, विजेचे झटके सोसत होती, आणि तिथेच चित्रे काढायला लागली. पुढे तिने ‘नाना’ केल्या : रंगीबेरंगी, प्रचंड नितंबांच्या, नाचणाऱ्या बायका. 1974 मध्ये त्यांपैकी तिघी जर्मनीतल्या हानोफरला नदीकाठी उभ्या राहिल्या तेव्हा शहर खवळले, वृत्तपत्रांत पत्रांवर पत्रे आली. आज त्या शहराची ओळख झाल्या आहेत. 2000 मध्ये तिला त्या शहराने मानद नागरिक केले आणि तिने तिथल्या श्प्रेंगल संग्रहालयाला आपल्या तीनशेहून जास्त कलाकृती दिल्या.

जेरुसलेममध्ये तिने मुलांसाठी एक काळापांढरा राक्षस बांधला. त्याच्या तोंडातून तीन लाल जिभा जमिनीपर्यंत येतात आणि त्या घसरगुंड्या आहेत. मोठी माणसे म्हणाली, पोरे घाबरतील. तिचे उत्तर होते की भीतीवर मात करायला भीतीदायक वस्तूच कामाला येते. पोरांनी वाद मिटवला. गेली पन्नास वर्षे ती राक्षसाच्या तोंडात चढून जिभेवरून खाली येत आहेत. जेरुसलेमसारख्या शहरात, बरे का. आणि इटलीत तोस्कानातल्या तिच्या टॅरो बागेचे काम चालू असताना ही बाई, संधिवाताने हात वाकडे झाले तरी, तिथल्याच एका शिल्पाच्या पोटात, सम्राज्ञीच्या रूपातल्या स्फिंक्समध्ये, कित्येक वर्षे राहिली. स्वयंपाक, झोप, सगळे आत. हा पोरकटपणा असेल तर प्रौढपणा कशाला म्हणायचे, ते मला समजावून सांगा.

हे सगळे परदेशी चोचले आहेत, आपल्या मातीत शोक म्हणजे शोक, असे म्हणणाऱ्याला मी नागपूरचे तिकीट काढून देईन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. बांबू, कागद, कापडाच्या महाकाय बायका, ओबडधोबड, भेसूर आणि हसू येईल अशा. त्यांच्यामागे बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याने छळले त्याचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, साथीचे रोग, सगळ्यांची नंबराने वरात निघते. ईडापीडा घेऊन जा, असे ओरडत, नाचत, वाजतगाजत त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतात. गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे असेच होते. रोगराईने पोरे मरत होती त्या काळात गरीब वस्त्यांनी हे उभे केले. त्यांना कुणी सांगितले नाही की आधी गंभीर व्हा. दुःख अवाढव्य आहे ना, मग त्याचे अवाढव्य बुजगावणे करू, त्याला मिशा काढू आणि त्याच्याभोवती नाचू, असे त्यांचे साधे तर्कशास्त्र. मारबतीत राग आणि खेळ एकाच बांबूला बांधलेले असतात. ते वेगळे करायचा उद्योग शिकलेल्या लोकांनी नंतर सुरू केला.

आक्षेपकांचे एक म्हणणे मात्र मी पुरतेपणी मान्य करतो. मॉलच्या दारातले बदक आणि मारबत एका पारड्यात बसत नाहीत. ज्याच्याभोवती कुंपण घालून तिकीट लावले आहे, ज्याच्या पायाशी छापील थैल्या विकायला मांडल्या आहेत, जे पाहायला या पण अमुकच कोनातून पाहा असे ज्याचे व्यवस्थापन सांगते, ते खेळणे विक्रीचा माल आहे आणि त्याला माल म्हणावे. हाँगकाँगच्या बदकामागोमाग चीनमध्ये गावोगावी नकली बदके उगवली, तीही बहुतेक धंद्यासाठीच. पण इथेही घाई नको. सोलच्या बदकामागे कंपनी होती. तरी ते पाहायला तिकीट नव्हते, काठ सगळ्यांना मोकळा होता. लोकांनी मॉलचे बदक मॉलकडून काढून घेतले. खेळण्याचा हा स्वभावच आहे. ते देणाऱ्याच्या मालकीचे फार दिवस राहत नाही.

मग उरतो पैशाचा मुद्दा, जो आपल्याकडे सगळ्यात आधी निघतो. एवढ्या पैशात दवाखाना झाला असता. जरूर व्हावा. पण हा प्रश्न फक्त बदकाला का विचारतात? कोट्यवधींच्या स्मारकांना, कारंज्यांना, दर पाच वर्षांनी उखडून नव्याने बसवल्या जाणाऱ्या पदपथांना आणि प्रवेशद्वाराच्या कमानींना तो विचारला जात नाही, कारण ती कामे गंभीर दिसतात.

मुंबईत मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे. राक्षसाने विसरावा तसा पडलेला, आत जिना, वर खिडकी. एकाही महापुरुषाच्या पायातला नाही, कुठल्याही विजयाची आठवण नाही, आणि मुंबईतल्या कितीतरी पिढ्यांच्या फोटोंच्या वहीत तो आहे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा तो होता, दंगलीनंतर होता, बॉम्बस्फोटांनंतर होता. दर रविवारी लालबागहून, कुर्ल्याहून, डोंबिवलीहून माणसे पोरांना घेऊन तिथे येत राहिली. त्यांना काय वाटत होते हे त्यांना कुणी विचारले नाही आणि विचारायची गरजही नव्हती. महापालिकेकडे माझे मागणे मोठे नाही. पुढच्या वेळी एखाद्या चौकात काय बसवायचे यावर बैठक भरेल, तेव्हा विषयपत्रिकेवर घोडा, तोफ आणि कारंजे यांच्या जोडीला एक बूट असू द्या. आणि तो बांधलात तर आत शिरायला वयाची अट घालू नका. मोठ्यांचे वजन पेलेल एवढा मजबूत करा.